चाळीस वाटाणे

झाकणाचा चौथा स्क्रू काही केल्या हलेना. धाकट्याने त्यावर तेलाचा थेंब सोडला, पेचकस टेकवून वरून हातोडीची हलकी टिचकी मारली, तेव्हा कुठे तो कुरकुरत फिरला. मिलिंग मशीनच्या टेबलामागचा लांबट पत्रा बावीस वर्षांत पहिल्यांदा सुटला. तिथेच नवी डिजिटल पट्टी बसवायची होती.

वय अठ्ठावन्न झालं तरी घरीदारी त्याला धाकटाच म्हणत. डोळे मात्र धाकटे राहिले नव्हते. हँडलच्या डायलवरच्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या, म्हणून लेकीने ही पट्टी पाठवली होती. टेबल किती सरकलं ते ती लाल आकड्यांत दाखवते.

पत्रा भिंतीला टेकवून त्याने टेबलाची पाठ फडक्याने पुसली. तेलाच्या काळ्या थराखालून टोच्याने कोरलेले आकडे वर आले. पन्नाससमोर चार. शंभरसमोर नऊ. दीडशेसमोर तेरा, दोनशेसमोर सतरा. नवाचं शेपूट पार खालपर्यंत ओढलेलं.

दाराशी बायको मांडीवर परात घेऊन वाटाणे सोलत बसली होती.

"काय सापडलं? पुरलेलं धन?"

"दादाचं अक्षर."

"मोठ्या भाऊजींचं? आणि पत्र्याआड? नवलच. ते तर कारखान्याच्या पाटीवर मिरवणारे."

तो हसला नाही. दोघा भावांच्या कारखान्याची वाटणी झाली, तेव्हा नवी मशीन आणि गिऱ्हाइकं दादाकडे राहिली आणि ही जुनी मशीन धाकट्याच्या घरामागच्या खोलीत आली. दादाने स्वतः येऊन ती बसवून दिली होती, हा पत्राही त्यानेच लावला होता. 'हे झाकण काढू नकोस रे, कीस आत जाईल.' आणि दादाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. धाकट्याने कधी काढलं नाही.

पहिल्याच वर्षी त्याच्या प्लेटा परत येऊ लागल्या. भोकं गोल, कडा गुळगुळीत, पण गिऱ्हाइकाच्या पंपावर प्लेट ठेवली की दोन बोल्ट जात आणि तिसरा अडे. दोन भोकांमधलं अंतर हँडलच्या फेऱ्या मोजूनच राखायचं असतं. दादा गोल कानशीने भोक रुंद करून द्यायचा आणि मान हलवायचा.

"तुझी मोजणी चुकते रे. फेऱ्या मोजताना मन कुठं असतं तुझं?"

मग दादानेच तोड काढली. धाकट्याने नुसत्या प्लेटा तासून द्याव्यात, भोकं दादा पाडेल. 'मी आहे ना,' म्हणाला. ते तीन शब्द धाकटा बावीस वर्षं देवाच्या अंगाऱ्यासारखे कपाळी लावत आला होता. आणि तेव्हापासून तो सगळंच दोनदा मोजायचा. जिन्याच्या पायऱ्या, औषधाच्या गोळ्या, चहातले चमचे. "दुसऱ्यांदा मोजल्यावर कमी भरतात की काय," असं बायको चिडवायची.

दुपारपर्यंत पट्टी बसली. गेज लावून त्याने ती टेबलाशी समांतर केली, आकडा शून्यावर आणला, हातही धुतले नाहीत.

"जरा ये इकडे. मी हँडल फिरवतो. फेरी पुरी झाली की एक वाटाणा बाजूला ठेव."

"का? तुम्हाला मोजता येत नाही?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. परात आणि एक वाटी घेऊन शेजारी येऊन बसली.

एक फेरी, पाच मिलिमीटर. एक फेरी, एक वाटाणा. जात्यासारखं हँडल फिरत राहिलं, वाटीत हिरवा दाणा पडत राहिला. दहाव्या फेरीला पन्नास भरायला हवे होते. पट्टी म्हणाली, एकोणपन्नास पूर्णांक शहाण्णव शतांश. चार कमी. विसाव्या फेरीला नऊ कमी. तिसाव्याला तेरा.

चाळीसाव्या फेरीला त्याने हात काढला. आकड्याकडे पाहिलं नाही.

"किती झाले?"

तिने बोटाने वाटाणे सारत मोजले. "चाळीस."

"पुन्हा मोज."

"चाळीसच आहेत. आणि तिथं एकशे नव्व्याण्णव लिहिलंय, पुढे त्र्याऐंशी."

सतरा कमी. त्याने फडकं घेतलं आणि कोरलेल्या आकड्यांवरून पुन्हा फिरवलं. ते काही पुसले जाणारे नव्हते.

संध्याकाळी दादा आला. उंबऱ्यातूनच म्हणाला,

"बसली का पट्टी? बेस झालं. आता मोजायचा ताप मशीनला. तुझं चुकायला नको."

"मागून बघ जरा. सरळ बसलीय का."

दादा मागे गेला, वाकला. वाकलेलाच राहिला. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसला, पुसून झाला तरी पुसत राहिला.

"टेबल सरकवणारा आतला स्क्रू झिजला होता," तो म्हणाला. "बदलायचा होता. राहून गेलं."

"झिजला होता ते ठाऊक होतं तुला."

"सांगितलं असतं तर तू ही मशीन घेतली नसतीस."

"घेतली असती. चार, नऊ, तेरा, सतरा. पाठ करायला कितीसं होतं?"

भिंतीकडचा पत्रा दादाच्या ध्यानात आला, तशी त्याने नजर उचलून दाराबाहेर नेली. बायको चहा घेऊन आली होती. ती कप तसेच धरून उभी राहिली.

"तुझी भोकं नीट पडली असती, तर गिऱ्हाईक दोघांकडे वाटलं गेलं असतं रे," दादा शेवटी म्हणाला. "मला दोन पोरं होती."

"मलाही एक होती."

चहा न घेताच दादा निघाला. जाताना सवयीने म्हणाला, "उद्या प्लेटा पाठवतो तासायला."

"पाठव. सोबत नकाशा दे. भोकं इथेच पडतील."

दादा क्षणभर थांबला, मान हलवली, गेला. त्याच्या चपलांचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आला.

बायकोने वाटी उचलली. "हे परातीत मिसळू? भाजी टाकायचीय."

"दे इकडे."

तो मशीनशेजारच्या स्टुलावर बसला. काळ्या बोटांनी एकेक वाटाणा वाटीतून तळहातावर घेतला. चाळीस भरले.

ते त्याने पुन्हा वाटीत ओतले, आणि एकपासून सुरुवात केली.