वरची मूठ

डहाणूच्या शांतीचा चंदर मुंबईला अर्थशास्त्र शिकत होता, आणि दिवाळीच्या सुट्टीला घरी आला तो अक्कल कॉलेजात गहाण ठेवूनच. त्याचे सर म्हणत, बाजार म्हणजे पदार्थविज्ञानच! नळीने जोडलेल्या दोन भांड्यांत पाणी आपोआप एका पातळीवर येतं, तसाच भाव ठरतो. माणसांची माया, भीड, ओळख हे सगळं घर्षण. ते वजा करायचं.

सरांनी सुट्टीत लिहायला दिलेल्या निबंधासाठी उदाहरण घरातच सापडलं. शांती दर आठवड्याला सुका जवळा घेऊन तलासरीच्या बाजारात जाई आणि झरीच्या बायजीशी अदलाबदल करी. एक माप जवळा, दोन मापं भात. माप भरलं की शांती वर एक मूठ घाली, बायजीही घाली. चंदरने वहीत लिहिलं, ‘मूठ म्हणजे घर्षण.’

शांतीला ताप आला, तेव्हा चंदर बाजाराला गेला. स्वारी खुशीत होती. प्रयोग आयताच हाती आला होता. त्याने माप भरलं, तळहाताने सपाट केलं आणि हात झटकले. बायजी त्या सपाट मापाकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिने दोन मापं भात ओतलं आणि वर मूठ घातली, नेहमीसारखी. चंदरचे कान तापले. आता मूठ घालावी तर चोरी पकडल्यासारखं होणार, म्हणून तो तसाच उठला.

“वरची मूठ घातलीस ना?” शांतीने अंथरुणातून विचारलं.

तो घातली म्हणाला. एवढा शिकलेला बाप्या, आणि मूठभर जवळ्यासाठी आईशी खोटं!

आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नाही. शांती बरी होऊन बाजाराला निघाली, तेव्हा खरं सांगायचं म्हणून तो टोपली घेऊन एसटीपर्यंत गेला आणि तोंड न उघडता परत आला. बायजी बोलणारच. भर बाजारात आईची मान खाली जाणार, तीही आपल्यापायी.

संध्याकाळी शांती आली. टोपली उतरवत म्हणाली, “बायजी तुझं कौतुक करत होती. पोराने एक नाही, दोन मुठी घातल्या म्हणे.”

चंदरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आय, मी एकपण नाही घातली.”

“ठाऊक आहे,” शांती म्हणाली. “दोन कुणीच घालत नाही. म्हणून आज मी दोन घालून आले.”

मग तिने त्याला जेवायला वाढलं. बायजीच्याच तांदळाचा भात होता, आणि चंदरला ताटावरून मान वर करवेना.