डाव्या कुशीवरचा आवाज

वैशाखातल्या दुपारी परसातल्या कडुलिंबाची सावली आखडून बुंध्याशी आलेली असे, चुलीवर पालथं घातलेलं काळंभोर खापर तापून त्याच्यावरची हवा थरथरू लागे, आणि त्या थरथरत्या हवेपलीकडे माझ्या मोठ्या जाऊबाई, आमच्या अक्का, पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत उभ्या असत. तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत तो मांडा पसरत जाई, पातळ होत जाई, इतका की पलीकडचं ऊन त्याच्यातून गाळून आल्यासारखं केशरी दिसे. मग कमरेत किंचित वाकून त्या तो खापरावर असा सोडत, की जणू एखादं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं. त्या क्षणी त्यांच्या काचेच्या बांगड्या एकदाच किणकिणत आणि गप्प होत.

मी जळगावात वाढलेली. लग्न होऊन पारोळ्याला आले तेव्हा मला पोळीसुद्धा गोल लाटता येत नव्हती. अक्कांनी मला मांडे शिकवण्याचा प्रयत्न केला, माझ्या कोपरावर फाटलेला मांडा पाहून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे वं रंजना, तू शाळामा पोऱ्हेसले शिकाड. मांडा मी करस." त्या दिवसापासून आमच्या घरातली कामं आपोआप वाटली गेली. मी सकाळी शाळेत शिकवायला जाई. अक्का घर, गोठा आणि लग्नसराईत गावोगावचे मांडे सांभाळत. आसपासच्या कुठल्याही गावात लग्न निघालं की अक्कांना बोलावणं येई. त्या जात, चुलीपाशी उभ्या राहत, आणि मांडवातल्या बायका नवरीला सोडून त्यांचे हात बघत बसत.

त्या हातांचा वेग कधी मंदावला हे मला सांगता येणार नाही. जे रोज डोळ्यांसमोर असतं ते ओसरताना दिसत नाही. तळ्याचं पाणी कमी झाल्याचं कळतं ते काठावरचा चिखल उघडा पडल्यावरच. एका हिवाळ्यात माझ्या ध्यानात आलं, की गच्चीवर वाळवण घालायला जाताना अक्का जिन्यात मध्येच थांबतात, पदर सारखा करतात, उगाच खाली वळून मला काहीतरी विचारतात आणि माझं उत्तर पुरं होईपर्यंत कठड्याला धरून उभ्या राहतात. ते प्रश्न फार साधे असत. दूध तापवलं का, मांजर आत आलं का. त्या प्रश्नांच्या आडोशाला त्या श्वास गोळा करत होत्या, हे मला फार उशिरा उमगलं. मग उशीवर उशी चढली. पुढे उशांच्या खाली गोधडी आली, आणि अखेर त्या भिंतीला पाठ टेकून, जवळजवळ बसूनच, झोपू लागल्या. आडवं पडलं की छातीत पाणी चढल्यासारखं होतं, असं त्या एकदा बोलून गेल्या आणि लगेच म्हणाल्या, "धूर शे, दुसरं काय!"

आणि आम्ही सर्वांनी ते मान्य केलं. आयुष्यभर चुलीपाशी उभी राहिलेली बाई खोकणार नाही तर काय करणार? गावातल्या डॉक्टरांनी धुरानं झालेला दमा म्हणून ओढायचा पंप दिला. शेजारणींनी अडुळशाचा काढा सांगितला. माझे मोठे दीर, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, त्यांनी गॅसची मोठी शेगडी आणून ठेवली. धूर संपला, दम संपला नाही. पण एकदा दुखण्याला नाव मिळालं की माणसं निर्धास्त होतात, मग ते नाव चुकीचं का असेना.

फाल्गुनात अमळनेरच्या वाटेवरल्या एका खेड्यात लग्न होतं. त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मी अक्कांबरोबर गेले. मांडवात हळदीची धांदल, मागच्या अंगणात खापर तापलेलं, आणि अक्कांच्या हातावर अर्धा पसरलेला मांडा. एकाएकी त्यांनी तो परातीत टाकून दिला. मी त्यांना मांडा टाकताना कधीच पाहिलं नव्हतं. त्या भिंतीकडे वळल्या, वाकल्या, आणि खोकल्याची अशी उबळ आली की त्यांचे खांदे वाऱ्यावरच्या केळीच्या पानासारखे फाटतील असं वाटलं. मी धावत गेले. त्यांनी तोंडावरचा पदर काढला तेव्हा त्याच्यावर गुलाबी फेस होता. ओठ जांभळट पडले होते आणि गालांवर एक विलक्षण तांबूस छटा होती, जिला आम्ही इतके महिने विस्तवाची धग समजत होतो.

त्यांनी पदराचं ते टोक मुठीत घट्ट आवळलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दुखण्यापेक्षा पकडलं गेल्याचं भय अधिक होतं.

"रंजना, कोनले सांगू नको वं. तुले मनी आन शे."

मी मान हलवली. तिथल्या एका बाईला परात सोपवली, अक्कांना रिक्षात बसवून घरी आणलं, आणि अंगणात पाय ठेवताच भाऊंना सगळं सांगून टाकलं. भाऊ अबोल माणूस. ओट्यावर बसून दोर वळत होते, तो हातातून गळून पडला. ते आत गेले, टोपी घातली आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "धुळाले चाला."

धुळ्यापर्यंतच्या वाटेवर अक्का माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. गाडीच्या खिडकीला डोकं टेकून त्या बाहेरची उन्हात पडलेली कापसाची उघडी रानं पाहत होत्या, आणि मी त्यांच्या गळ्याखालची ती खोलगट जागा पाहत होते, जी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. शपथ मोडल्याचं मला तिळमात्र दुःख नव्हतं. मात्र त्यांचा अबोला त्या प्रवासाहूनही लांब वाटला.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान होत्या. त्यांनी आधी नाडी पाहिली, गळ्याची शीर पाहिली, पायाला बोट दाबून सूज पाहिली; आणि मग छातीवर स्टेथोस्कोप लावून, डोळे मिटून, बराच वेळ ऐकत राहिल्या. "अक्का, जरा डाव्या कुशीवर वळा," त्या म्हणाल्या, आणि वाकून पुन्हा ऐकू लागल्या. खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती. त्या मिटलेल्या पापण्यांकडे पाहताना मला वाटलं, की इतकी वर्षं आम्ही अक्कांचा खोकला ऐकला, त्यांचं हसणं ऐकलं, त्यांच्या बांगड्या ऐकल्या; त्यांना आतून मात्र आज प्रथमच कुणीतरी ऐकत होतं.

"लहानपणी कधी घसा दुखून ताप आला होता? सांधे सुजले होते?"

अक्का गोंधळल्या. मग दूरचं काही हाताला लागावं तसं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. हो, आला होता ताप. गुडघे भोपळ्यासारखे सुजले होते, एक गुडघा उतरला की दुसरा, मग मनगट. वडील खांद्यावर बसवून शेतात नेत. शाळा तेव्हाच सुटली ती सुटलीच.

"तो ताप सांधे सोडून गेला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण जाताना हृदयाला डसून गेला."

मग पडद्यावर त्यांनी आम्हाला अक्कांचं हृदय दाखवलं. राखाडी धुक्यात काहीतरी उघडमीट करत होतं, अविश्रांत, आपल्याकडे कुणी पाहतं आहे याची जाणीव नसलेलं. मी शाळेत फळ्यावर हृदयाची आकृती कितीदा काढली होती. लाल आणि निळ्या खडूचे बाण काढून मुलांना पाठ करायला लावले होते. हे मात्र आकृतीसारखं नव्हतं. हे अक्कांचं होतं, त्यांच्यासारखंच काही न सांगता राबत होतं.

डॉक्टरीणबाईंनी भाऊंना समजेल अशा शब्दांत सांगितलं. हृदय म्हणजे एका भिंतीला लागून असलेली दोन घरं. उजवं घर अंगभर फिरून आलेलं मळकं रक्त घेतं आणि फुफ्फुसांकडे धाडतं. तिथे ते श्वासातली हवा पिऊन ताजं होतं, डाव्या घरात येतं, आणि डावं घर ते साऱ्या देहाला वाटतं. या डाव्या घराच्या वरच्या खोलीतून खालच्या खोलीत उतरायला एक झडप असते, दोन नाजूक पडद्यांची. अक्कांच्या त्या पडद्यांच्या कडा जुन्या तापानं जाड होऊन एकमेकींना चिकटल्या आहेत. दार पुरतं उघडतच नाही, नुसतं किलकिलं होतं. मग फुफ्फुसांकडून आलेलं रक्त दाराशी खोळंबतं, मागे तुंबतं, आणि त्याचं पाणी फुफ्फुसांत झिरपतं.

"म्हणजे हा दमा नाही?" मी विचारलं.

"नाही. फुफ्फुसांचा यात काही दोष नाही. ती बिचारी शेजाऱ्याचं दुखणं सोसताहेत."

भाऊंनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. दुखणं मोठं होतं, पण आता त्याला खरं नाव होतं, आणि त्यावर उपायही होता. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाचा फुगा त्या झडपेत फुगवायचा, म्हणजे चिकटलेल्या कडा सुट्या होतात. अक्कांच्या झडपेची ठेवण त्यासाठी अजून योग्य होती.

"मनी छाती कापतीन का?" अक्कांनी हळूच विचारलं.

"छातीला सुरीसुद्धा लागणार नाही," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

आधी औषधांनी फुफ्फुसांतलं पाणी उतरवलं. मग वैशाखाच्या सुरुवातीला जळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात आम्ही अक्कांना घेऊन गेलो. माझं माहेर जवळच, त्यामुळे डबा माझी आई पाठवत होती, आणि आमच्यापैकी कुणालाही तो गोड लागत नव्हता. आत नेण्याआधी त्यांच्या हातातल्या बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या. रिकाम्या मनगटांनी अक्का फार परक्या दिसत होत्या. भाऊ चाकाच्या खाटेबरोबर दारापर्यंत चालत गेले. चारचौघांत बायकोशी कधी न बोललेला तो माणूस तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, "तुले काहीज व्हवाव नही." ते सांगणं होतं की मागणं, हे त्या आवाजावरून कळत नव्हतं. दार मिटलं, तरी तो हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला.

बाहेरच्या बाकावर काळ जड झाला. खिडकीबाहेर गुलमोहर पेटलेला होता, रस्त्यावरून केळीनं भरलेला ट्रक गेला, कुणाच्या तरी मुलानं हट्ट करून रडून घेतलं. आणि मी माझ्याच मनगटावर बोट ठेवून बसले होते. जन्मभर जे न मागता मिळत आलं, त्या ठोक्याची मी प्रथमच वाट पाहत होते, आणि प्रत्येक ठोका आल्यावर मनातल्या मनात त्याचे आभार मानत होते.

डॉक्टर बाहेर आले. तोंडावरची पट्टी खाली करून म्हणाले, "झडप छान उघडली."

भाऊ खाली बसले. बाकावर नव्हे, जमिनीवर. आणि मग त्यांनी टोपीनं तोंड झाकलं.

संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. अक्का झोपल्या होत्या. पाठीशी उशांचा ढीग नव्हता, भिंत नव्हती. दमलेली पोर अंथरुणावर निजावी तशा त्या आडव्या, सपाट, निःशंक झोपल्या होत्या. पश्चिमेचा कलता उजेड त्यांच्या पांढऱ्या चादरीवर पडला होता आणि ती चादर वर जात होती, खाली येत होती, घाईशिवाय, कष्टाशिवाय. याहून सुंदर दृश्य मी आयुष्यात पाहिलेलं नाही. ओठांचा जांभळेपणा गेला होता. गळ्याखालची ती खोलगट जागा निवांत होती.

डोळे उघडल्यावर त्यांनी माझा हात शोधला. "रंजना, श्वास पार तयलगून गया वं," त्या म्हणाल्या. तळापर्यंत. मग माझा हात दाबून, "तू सांगं ते बरं करं." शपथ मोडल्यापासूनचा आमचा अबोला असा संपला.

अजून सारं काही संपलेलं नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तो ताप पुन्हा डसू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी सुई घ्यावी लागते. झडप पुढे कधीतरी पुन्हा आकसू शकते. म्हणून धुळ्याला तपासणीला जावं लागतं. अक्का सुईच्या दिवशी कुरकुरतात आणि न चुकवता जातात.

श्रावणात आमच्या खानदेशची कानबाई देवी घरोघरी बसली. सोमवारी सकाळी तिला निरोप द्यायला सगळ्या गल्लीतल्या बायका वाजतगाजत नदीकडे निघाल्या. पावसानं धुतलेली वाट, दोन्ही अंगांना बाजरीची हिरवी कोवळीक. अक्का माझ्या शेजारून चालत होत्या, चालता चालता अखंड बोलत होत्या. परतताना नदीकाठच्या एका बाभळीपाशी त्या थबकल्या. मी चटकन त्यांच्या गळ्याखालच्या जागेकडे पाहिलं. पण त्यांचा श्वास संथ होता. त्या फक्त झाडाकडे पाहत होत्या.

"मनी माय," त्या म्हणाल्या, "मोळी लई येतांना अशीच बाभूयखाले बसी जाये. घडी घडी. लोक तिले आयशी म्हनेत. मी बी म्हनेल शे." आयशी, म्हणजे आळशी. "ती आयशी नव्हती वं रंजना. तिले दम लागे."

त्यांची आई फार तरुणपणी गेली. तिचा फोटो नाही. तिला नेमकं काय झालं होतं ते आता कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून, डोळे मिटून कुणी ऐकलं नव्हतं. अक्कांनी त्या अनोळखी बाभळीच्या बुंध्यावर क्षणभर हात ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि एक दीर्घ, भरगच्च श्वास घेतला.

गेलेलं माणूस परत येत नाही. पण कधीकधी त्याच्यामागे कित्येक वर्षांनी त्याचं दुखणं आपल्याला कळतं, आणि त्या दिवशी त्याची आठवण आपल्या आत प्रथमच मोकळा श्वास घेते.