दुर्मदासुर पडत नाही

आरोंद्याच्या सुगंधाबाई आणि त्यांची सून आकांक्षा यांचं सहा वर्षांत एकदाही वाजलं नव्हतं. वाडीत हे कौतुकाने सांगितलं जाई, आणि थोड्या संशयानेही. सुनेला आल्याचा चहा आवडतो म्हणून सुगंधाबाई रोज आलं ठेचून घालत, आणि सासूला आवडतो म्हणून आकांक्षा तो मुकाट पीत असे. आलं दोघींनाही नको होतं. पण ‘नको’ हा शब्द त्या घरात फक्त दारावरच्या विक्रेत्यांसाठी राखून ठेवला होता.

याचा त्रास झाला तो बाळाकाकांना. बाळाकाका उभं आयुष्य दशावतारात राक्षस होऊन मरत आलेले. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी वाडीतल्या बायकांना जमवून महिला दशावतार उभा केला. दशावतारात लिहून दिलेलं काही नसतं. कथा ठरते, कोण कधी येणार आणि कोण मरणार ते ठरतं. बोलायचं मात्र ज्याचं त्याने, उभ्या जागी सुचेल ते. सुगंधाबाई झाल्या राणी हेमांगी आणि आकांक्षा झाली दुर्मदासुर. राक्षसाने राज्य मागायचं, राणीने नाकारायचं, शब्दाने शब्द वाढवायचा, आणि तलवारीच्या तिसऱ्या वाराला राक्षसाने पडायचं.

पहिल्या तालमीत राक्षसाने राज्य मागितलं. राणी म्हणाली, एवढं मनात असेल तर बसून बोलू. “बरं, राहू दे,” राक्षस खाली बघत म्हणाला, आणि पेटी वाजवणारी बाई हसून पेटीवरच कलंडली.

बाळाकाकांनी मग त्यांना संघर्ष किती तऱ्हांचा असतो ते समजावलं. देवाचा दानवाशी, एकट्याचा गावाशी, माणसाचा दर्याशी नि वाऱ्याशी, माणसाचा आपल्या स्वतःशी. तऱ्हा दर तालमीला कमीजास्त होत. सांगणं मात्र एकच असे.

“आडवो कोण इल्याशिवाय माणूस कसो आसा ता कळना नाय,” ते म्हणत. “तुमी दोघी एकमेकीच्या वाटेतसून बाजूक होतास. मगे लोकांनी बघूचा काय? मोकळी वाट?”

आकांक्षाला हे पटायला वेळ लागला नाही. ती वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्रात काजूवरच्या किडीचं काम करायची. ढेकण्या ही कीड टोचेपर्यंत सगळ्या पालव्या सारख्याच लुसलुशीत दिसतात. टोचल्यावर कुठली पालवी काळी पडून वाळते आणि कुठली डाग झेलून वाढत राहते, त्यावरून झाडाची खरी ओळख पटते. पण झाडांचं एक आणि आईंचं एक.

त्यातून त्या आठवड्यात तिच्यासमोर खरोखरच काहीतरी आडवं आलं होतं. दापोलीच्या विद्यापीठात पीएचडीची जागा मिळत होती. तीन वर्षं, तिथेच राहून. सोमवारी होय की नाही ते फोनवर सांगायचं होतं. नवरा गुरुदास गोव्यात कामाला, शनिवारी घरी यायचा. तू खुशाल जा, पण आईला तूच सांग, म्हणून तो मोकळा झाला. सांगितलं तर आई काय म्हणतील हे तिला पाठ होतं. जा हो बाय, माझी काळजी नको. मग त्या हसतील. त्या हसण्यामागे काय आहे ते आकांक्षाला कधीच कळणार नाही, आणि ते न कळता घर सोडणं तिच्याने होणार नव्हतं. त्यापेक्षा नाही कळवून गप्प बसावं, असं तिने जवळजवळ ठरवलं होतं.

रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात बायकांचा मेळावा होता. मिरगुंडं तळून झाली, भाषणं झाली, आणि पडदा सरकला. बाकावर, म्हणजे सिंहासनावर, राणी हेमांगी बसली होती. दुर्मदासुर मिशा रंगवून, पाय आपटत आला. पहिली काही वाक्यं बरी गेली. मग राणीने विचारलं,

“दानवा, पाताळात तुझं घर आहे, आई आहे. तिथे तुला काय कमी होतं?”

सत्ता, असं सांगायचं तालमीत ठरलं होतं. आकांक्षाने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

“काहीच कमी नव्हतं. म्हणून तर निघावं कसं ते कळत नव्हतं.”

मृदंगावरचा हात थांबला. सुगंधाबाईंनी राक्षसाकडे निरखून पाहिलं.

“आईला सांगून आलास?”

“नाही. ती जा म्हणाली असती. मनात नसतानाही. माझी आई भांडत नाही.”

दशावतारात राजाराण्या शुद्ध बोलतात. मालवणी बोलायची ती विनोदी पात्रांनी. राणी हेमांगी बाकावरून उठली, मुकुट सावरला आणि म्हणाली, “खंय जातलंस?”

“दापोलीला. तीन वर्षं.”

“अरे, पाताळात दापोली खंय?” मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. राणी हसली नाही.

“जाव नको,” ती म्हणाली. हा आवाज आकांक्षाने त्या घरात कधी ऐकला नव्हता. “तू गेलेला माका नको. सांजेचा घर खावक येता माका. आणि माका न इचारता माझा उत्तर तू कित्याक दिलंस?”

आकांक्षाला राग आला. सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि तोही इतका स्वच्छ, की तिला आधार मिळाल्यासारखं वाटलं.

“तुम्ही नको म्हणालात तरी मी जाणार,” ती म्हणाली. हे आपण ठरवलेलं आहे, हे तिला ते वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर कळलं.

पडद्यामागून बाळाकाकांनी वाजवणाऱ्यांना खूण केली. झांजा, मृदंग, पेटी एकदम सुरू झाली. तलवारी भिडल्या. एक वार झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. दुर्मदासुर पडला नाही. चौथा झाला. पड गो, पड, असं पडद्याआडून ऐकू येत होतं. दुर्मदासुराचं बोलून झालं नव्हतं. घरचे काजू वेचायच्या वेळेला मी येईन, असं तो ओरडत होता, आणि राणी वार करता करता, काजूसाठी तुला कोण बोलावतंय, असं विचारत होती. बायका उठून उभ्या राहिल्या होत्या.

अखेर बाळाकाकाच लुंगीवर बाहेर आले. आपण दुर्मदासुराचे काका आहोत असं त्यांनी जाहीर केलं. “ता पडना नाय, तर मी पडतंय,” म्हणाले आणि गुडघे सांभाळत शिस्तीत आडवे झाले. टाळ्यांतच आरती झाली.

खोबरेल तेलाने रंग पुसताना सुगंधाबाई म्हणाल्या, “माझा ‘नको’ तसाच रवतला. तू गेलंस तरी बदलूचा नाय.”

“राहू दे,” आकांक्षा म्हणाली. “मला ते बरोबर न्यायला हवंच आहे.”

घरी जातानाही त्या भांडत होत्या. विहिरीचा पंप, आजारी गाय, सणवार, गुरुदासचा निष्काळजीपणा, काही सुटलं नाही. वाडीतल्या बायकांनी अंगणात येऊन पाहिलं.

सोमवारी आकांक्षाने दापोलीला फोन लावला, तेव्हा स्वयंपाकघरात भांडी अशी आदळत होती की पलीकडच्या बाईंनी घरी काम चाललंय का, म्हणून विचारलं. होय, चाललंय, आकांक्षा म्हणाली. मग तिने एका कानात बोट घातलं आणि येते म्हणून सांगितलं.