दोन लाल ठिपके

आवाज गाडीचा आहे की माझ्या कानाचा, हे ठरवण्यातच दोन दिवस गेले. घरात दुसरं माणूस असतं तर "तुलाही ऐकू येतंय का गं?" एवढं विचारून मोकळा झालो असतो. एकट्या माणसाची हीच पंचाईत. संशयही आपणच घ्यायचा आणि निकालही आपणच द्यायचा.

गाडी सुरू केली की किरकिर, आणि पाय दाबला की तीच किरकिर चढ्या आवाजात. गॅरेजवाल्याला फोनवरून ऐकवली. म्हणाला, "काका, आठ दिवस तरी हात लावता येणार नाही. आणि खरं सांगू का, भंगारात काढा आता."

"तुलाच काढतो भंगारात," म्हणालो आणि फोन ठेवला. माझं तोंड हे असं. बायकोनं एक्केचाळीस वर्षं ऐकून घेतलं.

आठ दिवस थांबणं शक्यच नव्हतं. बायको शुश्रूषागृहात आहे, इथून तासाभराच्या वाटेवर, आणि तिकडे बस जात नाही. दर गुरुवारी मी जातो. ती मला ओळखत नाही. पण गुरुवारी सकाळपासून दाराजवळच्या खुर्चीत बसून राहते. मागच्या गुरुवारी मी तापानं पडलो होतो, जाणं झालं नाही, तर दोन दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही म्हणे. नर्सनंच सांगितलं. कोण यायचं होतं ते तिला माहीत नाही, पण कोणीतरी यायचं होतं एवढं कळतं. आणखी एक गुरुवार चुकवायची माझी छाती नव्हती.

मंगळवारी बोनेट उघडलं. डायनॅमो फिरवणारा बाहेरचा पट्टा काढून गाडी अर्धा मिनिट चालू केली. किरकिर तशीच. म्हणजे डायनॅमो निर्दोष सुटला. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून, डॉक्टर छाती तपासतो तसं एकेक जागा तपासत गेलो. टायमिंग बेल्टच्या झाकणापाशी आलो आणि दात आंबले. बेल्ट ताणून धरणारं छोटं चाक वाजत होतं. ते अडकलं की बेल्ट तुटणार, बेल्ट तुटला की आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार, आणि इंजिनचा खेळ खलास. तोही भर रस्त्यात. चाक आणि नवा बेल्ट घेऊन आलो आणि बुधवारी सकाळी कामाला लागलो.

हे काम आम्ही पूर्वी दोनदा केलंय. आम्ही म्हणजे मी खाली आणि ती वर. गाडीचं पुढचं चाक काढून मी त्या जागेतून बेल्टची खालची पुली पान्यानं फिरवायचो, आणि ती वाकून वरच्या पुलीवर टॉर्च धरायची. कंपनीची खूण धड दिसत नाही म्हणून तिनंच आपल्या नेलपॉलिशचे दोन लाल ठिपके दिले होते, एक पुलीवर आणि एक मागच्या पत्र्यावर. मी खालून विचारायचो, "आलं का गं?" ती म्हणायची, "अजून थोडं... हं, आलं." ठिपक्यासमोर ठिपका आला की काम बरोबर. टॉर्च हलला की मी ओरडायचो. ती उशिरा बोलली की ओरडायचो. "साधा टॉर्च धरता येत नाही" म्हणून एकदा तर रडवलं तिला. तरी टॉर्च खाली ठेवला नाही तिनं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

झाकण काढलं. ठिपके होते. रंग थोडा उडाला होता, पण होते. फडक्यानं त्यांच्यावरची धूळ हलकेच पुसली.

ते छोटं चाक बदललं, नवा बेल्ट चढवला. आता खरी परीक्षा. खालची पुली हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायची, आणि ठिपके पुन्हा समोरासमोर यायला हवेत. आल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. पण खालून वरचं काही दिसत नाही. फिरवून उठलो, तर ठिपका पुढे निघून गेलेला. उलटं फिरवायचं नसतं, म्हणून पुन्हा दोन फेरे. पुन्हा उठलो, पुन्हा पुढे. तिसऱ्या खेपेला गुडघ्यांनी हात टेकले.

मग डोकं चालवलं. फोनचा कॅमेरा चालू करून तो ठिपक्यांसमोर टेकवला. पान्याच्या कितव्या झटक्याला ठिपका येतो ते व्हिडिओत मोजायचं आणि पुढच्या वेळी तिथेच थांबायचं. पूर्ण दोन फेऱ्यांचे झटके मारले, उठलो आणि स्टुलावर बसून व्हिडिओ लावला.

पुली जराशी सरकली, थांबली. आणि माझा आवाज आला. "आलं का गं?"

थोडी शांतता. पुली सरकली. "आलं का गं?" पुन्हा शांतता. प्रत्येक झटक्याला. उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबत होतो मी. बोलतोय याचा मला पत्ताच नव्हता.

पहिल्यांदा मोजायचं राहूनच गेलं. दुसऱ्यांदा मोजलं, बाविसावा. खाली गेलो, तोंड घट्ट मिटून बावीस झटके मारले. ठिपक्यासमोर ठिपका. सगळं परत बसवून किल्ली फिरवली. किरकिर गेली होती. गेली ना, हे विचारायला कोणी नव्हतं.

गुरुवारी पोचलो तेव्हा ती दाराजवळच होती, मांडीवर ताट तसंच. मला पाहिलं आणि तिनं पहिला घास घेतला. माझा जीव भांड्यात पडला. जेवता जेवता तिची नजर माझ्या काळ्या नखांवर गेली.

"तुम्ही गाड्या दुरुस्त करता का हो?"

"कधीमधी."

"आमच्याकडेही एक आहेत. फार ओरडतात."

"कशावरून?"

"टॉर्च हलला की. पण मी धरून ठेवते. खालून काही दिसत नाही ना त्यांना."

माफी मागावी, तर तिच्या लेखी मी कोणी परका. फोन काढला आणि तो व्हिडिओ लावून तिच्या हातात दिला. नाक लागेल इतकी वाकून ती बघत होती. "आलं का गं?" शांतता. "आलं का गं?" शांतता. तिची चुळबुळ सुरू झाली. तिनं आजूबाजूला पाहिलं, मग माझी बाही धरली.

"कोणीतरी सांगा हो त्यांना, आलं म्हणून," ती म्हणाली. "नाहीतर ते फिरवतच बसतील."