पुढची सीट

मास्तरीणबाईंचा उजवा पाय कधी स्वस्थ बसत नसे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. सगळी नोकरी त्या ब्रेकवर पाय ठेवून काढल्यामुळे तो पाय आता बाईंचं ऐकेनासा झाला होता. बसमध्ये बसल्या आणि समोर कुणी आडवं आलं, की हा दाबायचा जमीन. एकदा सिनेमात नायकाची गाडी दरीकडे निघाली, तेव्हा बाईंनी पुढच्या खुर्चीला अशी लाथ घातली की खुर्चीतल्या टकल्या गृहस्थांनी मागे वळून विचारलं, "बाई, माझं काय चुकलं?"

निम्म्या गावाला गाडी शिकवली, पण बाईंकडे स्वतःची गाडी नव्हती. यावर हसायला हरकत नव्हती, फक्त बाईंच्या यजमानांसमोर नाही. यजमान बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना कंडक्टरसाहेबच म्हणत. त्यांनी उभा जन्म खरोखरच उभ्याने काढला. चालत्या बसमध्ये, एका हातानं दांडी धरून. बाहेरचं जग त्यांना दिसलं ते प्रवाशांच्या डोक्यांमधल्या फटींतून. म्हणून त्यांचं एकच मागणं होतं. "आपली गाडी घ्यायची. तू चालवायची, मी पुढच्या सीटवर बसणार. नुसता बसणार. कुणाकडे तिकीट मागणार नाही."

त्या गाडीसाठी बाईंनी पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवले होते. सुट्टीच्या दिवशी जादा शिकवण्या घेतल्या, चपलांना टाके घालून घालून त्यांचा मूळ आकार विसरायला लावला. आता रक्कम जमत आली होती. दोघं जाऊन एक निळी गाडी बघूनही आले होते. कंडक्टरसाहेब तिच्या पुढच्या सीटवर बसले ते विक्रेता खोकून खोकून दमला तरी उठेनात.

कंडक्टरसाहेबांची आणखी एक खोड सांगायला हवी. घरात ते फारसं बोलत नसत, टेबलावर बोटानं टकटक करत. बसमध्ये एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे जाऊ दे, तोच कायदा घरी. बाईंनी पातेलं पुढे करून विचारावं, "वाढू?" एक टकटक आली की बास, दोन आल्या की येऊ दे. बाईंचा अर्धा संसार या टकटकीवर चालला होता, आणि बराच बरा चालला होता.

आणि मध्येच हे पान्याचं प्रकरण निघालं.

पान्या म्हणजे स्कूलचा मेकॅनिक. खिशात कायम पाना असायचा म्हणून पान्या. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी बाहेर यायचं. बाई आणि तो बरोबरच नोकरीला लागले होते. बाईंच्या ऑपरेशनच्या वेळी कंडक्टरसाहेबांना घेरी आली, तेव्हा हॉस्पिटलात बाईंना आणि त्यांना दोघांनाही सांभाळलं ते पान्यानं. तो बाईंना ताई म्हणे आणि जगातल्या सगळ्या विषयांवर त्यांच्याशी भांडे.

मागे कधीतरी एक शिक्षक गाडी शिकायला आले होते. पाय अधू, दोन्ही काखांत कुबड्या. मालकांनी त्यांना आदरानं बसवलं, पाणी दिलं आणि आमच्याकडे सोय नाही म्हणून परत पाठवलं. बाईंना वाईट वाटलं आणि त्या कामाला लागल्या. पान्याला वाईट वाटलं आणि त्याला झोप लागेना. त्यानं पदरमोड करून स्कूलची एक जुनी गाडी विकत घेतली, आपोआप गिअर बदलणारी, आणि तिच्या स्टिअरिंगशेजारी एक दांडा बसवला. पुढे ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. पायांचं काम नाही.

एका दुपारी गॅरेजमध्ये डबा खाताना त्यानं विषय काढला.

"ताई, वर्कशॉप काढतोय. असे दांडे बसवून द्यायचे, ज्याच्या त्याच्या गाडीला. शेड बघून ठेवलीये. यंत्रं घ्यायची आहेत, मंजुरीच्या तपासण्या आहेत. माझं सगळं घालून अर्ध्यावर आलोय."

"बँकेत गेलास?"

"गेलो ना. चहा चांगला होता."

"मग?"

"मग तू." त्यानं हात पुसले. "आत्ता काही बोलू नकोस. बायको हो म्हणते, मेव्हणा हो म्हणतो. त्यांचं काय जातंय. तू नाही म्हणालीस तर मी नोकरी सोडत नाही. स्कूलच्या सगळ्या गाड्यांचे ब्रेक मी बदलतो, ताई. तुझ्या गाडीचे सगळ्यात उशिरा झिजतात. तू उगीच दाबत नाहीस."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. नुसते पैसे मागितले असते तर पैशांपुरतं उत्तर देता आलं असतं. या गड्यानं आपली नोकरीही त्यांच्याच पायाखाली आणून ठेवली. त्यांना त्याचा रागच आला. आणि मग राग आल्याची लाजही वाटली, कारण त्यांना ती निळी गाडी हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

संध्याकाळी त्यांनी घरी सगळं सांगितलं. कंडक्टरसाहेबांनी ऐकून घेतलं. बोट टेबलावर होतं, पण हललं नाही. बाई भांडी आवरेपर्यंत वाट बघत राहिल्या. शेवटी ते एवढंच म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे. पण त्याला पैसे मागता येत नाहीत. वरच्या मजल्यावरच्यांची गाडी दुरुस्त करून दिली, त्यांनी काय दिलं? आशीर्वाद."

हे खरं होतं, आणि बाईंना नाकारता येत नव्हतं. त्यानंतर घोंगडं भिजत पडलं. पान्या रोज भेटे, हवापाण्याच्या गप्पा मारे आणि मुद्द्याचं चकार शब्दानं विचारत नसे. घरी निळ्या गाडीचं नाव निघेना. कंडक्टरसाहेब खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत, आणि बाईंना ते बघवत नसे.

शिकवताना बाईंची एक रीत होती. नवशिका चुकला की पाय ब्रेककडे जातोच. तेव्हा स्वतःला विचारायचं, समोर खरंच काही आडवं आहे, की मलाच भीती वाटतेय? आडवं असेल तर दाबायचं. नुसती भीती असेल तर गप्प बसायचं. त्या गप्प बसण्याचाच आपल्याला पगार मिळतो, असं त्या म्हणत. आता स्वतःच्या बाबतीत त्यांना दोन्हीतला फरकच कळेना. तेव्हा सुट्टीच्या दिवशी त्या पान्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "गाडी काढ. मी चालवते."

गोदामामागच्या मोकळ्या पटांगणात पान्यानं पेडलांवर एक फळी ठोकली, म्हणजे पायांना वावच नको. बाईंनी दांडा ओढला. गाडी निघाली. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, आणि पिंपांच्या आडून एक कुत्रं सरळ समोर आलं. बाईंचा पाय धाडकन फळीवर आदळला. गाडीला त्याचं काही नव्हतं. मग हात धावला. दांडा लांब होता, वाकून ढकलावा लागला. गाडी थांबली तेव्हा कुत्रं बंपरचा वास घेत होतं.

बाईंनी दार उघडलं. "पान्या, हा दांडा तू तुझ्या हाताच्या मापानं केलास. माझा हात पुरत नाही. एखादा अजून लहान चणीचा माणूस असला तर मरेल कुणीतरी."

त्या वाद व्हायची वाट बघत होत्या. पान्यानं वाद घातला नाही. त्यानं खिशातला पाना काढला, गुडघ्यावर बसला, बाईंना हात सरळ धरायला लावून माप घेतलं आणि तिथल्या तिथे दांडा सरकवून दिला. "माप घेऊनच बसवायला पाहिजे," तो स्वतःशीच म्हणाला. "प्रत्येकाचं."

पुढच्या फेऱ्यांना पाय हळूहळू निवला. बाईंनी परत परत विचारलं स्वतःला, समोर काही आडवं आहे का? कुत्रं केव्हाच निघून गेलं होतं.

"माझ्यापुरतं ठरलं," त्या म्हणाल्या. "पण पैसे एकटीचे नाहीत. आजच्या दिवस गाडी दे."

पान्यानं फळी काढली. "रस्त्यावर जातेस तर पेडल मोकळं असू दे," तो म्हणाला.

बाईंनी घराखाली येऊन हॉर्न दिला. कंडक्टरसाहेब खाली आले, गाडीला एक चक्कर मारून पुढच्या सीटवर बसले. गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी खाली बघितलं. "तुझे पाय काय करतायत?"

"काही नाही."

"नवलच आहे."

बाईंनी गाडी त्यांच्या जुन्या बसच्या मार्गाला घातली. कंडक्टरसाहेब काचेला नाक लावून बसले. या रस्त्यावरून ते किती वेळा गेले असतील, पण बसून कधी नाही. "हे बघ, या दुकानाला वरचा मजला आहे," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "इथे नदी एवढी जवळून जाते? मी आपला सुट्टे पैसे शोधत असायचो."

शेवटच्या थांब्यापाशी, जिथे बस वळते तिथे, त्यांनी गाडी उभी केली.

"अहो," त्या म्हणाल्या, "पान्याला दिले तर निळी गाडी नाही. बुडाले तर कधीच नाही. सांगा."

कंडक्टरसाहेब समोर बघत राहिले. मग त्यांनी डॅशबोर्डवर टकटक केली.

एकदा.

बाईंनी मान हलवली. त्यांचा हक्कच होता तो. त्यांनी दांड्याला हात घातला, आणि पान्याला हे कुठल्या शब्दांत सांगायचं ते मनात जुळवू लागल्या.

बाहेर एक बस येऊन वळली. तिचा कंडक्टर दारात उभा होता, एका हातानं दांडी धरून. बस दिसेनाशी होईपर्यंत कंडक्टरसाहेब तिच्याकडे बघत होते. बोट अजून डॅशबोर्डवरच होतं. ते पुन्हा उचललं गेलं आणि टेकलं. दोन झाल्या.

"वर्कशॉपच्या गल्ल्यावर मी बसणार," ते म्हणाले. "पान्याला तिकडे फिरकू द्यायचं नाही."

बाईंनी आरसा नीट केला.

"आणि जाताना सावकाश घे," ते म्हणाले. "मला अजून जरा बसायचंय."

बाईंनी दांडा हलकेच ओढला.