ठोंब्याचे बाण

मित्रांनो, मी सूक्ष्मजीवांचा एक जुना वाण आहे. काचेच्या नळीत, कापसाच्या बोळ्याखाली, वाळक्या गवताच्या काढ्यात माझा मुक्काम असतो. माझा एकेक जीव एकाच पेशीचा, चपलेच्या तळव्याच्या आकाराचा. डोळे फाडून पाहिलेत तरी पांढऱ्या ठिपक्यापलीकडे काही दिसायचे नाही. पण आम्ही एकाचे दोन होतो, दोनाचे चार होतो. म्हणून एवढासा असूनही मी बारा वर्षांचा आहे.

आमच्या जातीत प्रत्येकाच्या कातडीखाली बारीक बाण रचलेले असतात. पेशी ते स्वतःच घडवते, कातडीपाशी नेऊन ठेवते आणि शत्रूने चावा घेतला की क्षणात बाहेर सोडते. प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंनी माझ्या पूर्वजांवर अतिनील किरण सोडले, तेव्हा त्यांतल्या एकाच्या जनुकात लहानसा बदल झाला. त्या एकापासून मी झालो. माझे बाण घडत, जागेवर जाऊन बसत, पण सुटत मात्र नसत.

ते ओळखायची रीत सोपी आहे. पाण्याच्या थेंबात पिवळे पिक्रिक आम्ल सोडायचे. धडधाकट पेशीभोवती बाणांचे काटेरी कडे उभे राहते. माझ्याभोवती काहीच उभे राहिले नाही. काचसामान धुणाऱ्या आणि नळ्या सांभाळणाऱ्या मावशीने सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि ती म्हणाली, “एवढे बाण भरून ठेवलेत आणि मारत नाही? ठोंब्याच आहे.” तेच माझे नाव पडले.

ठोंब्या असलो तरी माझा मान मोठा होता. बाण सोडायला कोणता भाग लागतो, हे माझ्यातल्या बिघाडावरूनच शोधायचे होते. बाईंचे सारे काम माझ्यावर उभे होते. दर आठवड्याला मावशी मला ताजा काढा देई. एका नळीचा ड्रॉपर दुसऱ्या नळीत जाऊ द्यायचा नाही, हा तिचा नेम. माझ्या ड्रॉपरला तिने लाल दोरा बांधला होता आणि त्याला कुणी हात लावला तर ती खवळून उठे.

मग बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. त्याच आठवड्यात आमचे सत्तावीस अंशांचे उबेचे कपाट बंद पडले. मावशीने सगळ्या नळ्या शेजारच्या गार खोलीत नेल्या. कपाट दुरुस्त झाले, पण मी गारव्यातही मजेत पोहतो आहे हे पाहून तिने मला तिथेच राहू दिले. नळी हलवल्याचे कुणाला तरी सांगावे, हे तिच्या ध्यानात आले नाही.

महिन्याने बाई परतल्या. विभागाचे नवे सर वाण तपासायला आले. माझ्या थेंबात आम्ल पडले आणि मित्रांनो, माझे बाण सुटले. एकूण एक पेशीचे सुटले.

“दुसऱ्या वाणाची भेसळ झालीय,” सर म्हणाले. “नळी धुऊन टाका. आणि यापुढे मावशींनी वाणांना हात लावायचा नाही.”

मावशीने पदराला हात पुसले.

“भेसळ दुधात होते, सर. माझ्या नळीत नाही.”

“मावशी, डोळ्यांनी दिसतंय ना?”

“दिसतंय. पण का दिसतंय ते कळू दे. आठ दिवस द्या. मग मीच धुते.”

सर गेल्यावर ती बोटांवर मोजू लागली. काढा तोच, ड्रॉपर तोच, हात तोच. मग बोट थांबले.

“बाई, माझं एक चुकलं. याला मी महिनाभर गार खोलीत ठेवलाय.”

“महिनाभर? आणि आज सांगताय?”

“आजच आठवलं. शिव्या नंतर द्या, आधी याला उबेत ठेवा.”

बाईंनी माझी एकच पेशी उचलून वेगळी वाढवली. सगळी एकीचीच लेकरे, म्हणजे भेसळीला जागा नाही. अर्धी उबेत ठेवली, अर्धी गारव्यात. आठव्या दिवशी सरांनी स्वतः आम्ल सोडले. गारव्यातल्यांनी बाण मारले. उबेतल्यांनी एकही मारला नाही. सरांनी थेंब बदलून तीनदा पाहिले.

“उबेत बिघडतो, गारव्यात सुधारतो,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “बारा वर्षं हे आपल्याला माहीतच नव्हतं.”

“मावशी, भेसळीचा शब्द मागे घेतो,” सर म्हणाले.

“घ्या की. आणि नळीवर याचं ठिकाण लिहा. वाचता येईल असं लिहा, तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात.”

सरांनी ठळक अक्षरांत लिहिले. मावशीने ते वाचून पाहिले आणि मला काढा द्यायला घेतले.

मित्रांनो, त्या दिवशी मी मोरीत वाहून जाणार होतो. चूक झाली होती, ती मावशीने लपवली नाही. आणि जी झालीच नव्हती, ती कबूलही केली नाही. तुमच्या हाती एखादा जीव सांभाळायला आला आणि तो एकाएकी वेगळा वागू लागला, तर त्याला टाकून देण्याआधी एवढे विचारा, की याला ठेवला कुठे होता? आता मी दोन फळ्यांवर राहतो, एक गार खोलीतली, दुसरी उबेच्या कपाटातली. एकीवर माझे बाण सुटतात, दुसरीवर सुटत नाहीत. दोन्हीकडे मी तोच आहे.