अर्ध्या ताटाची सुईण

"बाई, ललिता पोटात होती तवा तुम्ही काय खात होत्या?" दवाखान्यात नीलिमा सिस्टरनं विचारलं, तशी वच्छलाबाईंची मान ताठ झाली. सुईणपणात त्यांना कोण शिकवणार!

"अर्धं पोट," त्या म्हणाल्या. "पोटभर खाल्लं का लेकरू मोठं होते अन् अडते. माझ्या हातची एक बी बाई अडली नाई. इचारा आमच्या सावली गावात कोणाले बी!"

खोटं नव्हतं ते. त्यांच्या हातची लेकरं मूठभर, किडमिडी, पण सुटायची झटकन. ललिताही तशीच झाली होती. आता लेकीला दिवस गेले, तर नेम म्हणजे नेम. नऊ महिने वच्छलाबाईंनी तिच्या ताटातला अर्धा भात आपल्या हातानं काढला होता.

आणि नात सव्वा किलोची. समोर काचेच्या पेटीत धापा टाकत होती.

सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "रागावू नका, बाई. पोरगी आईच्या पोटात असते ना, तवाच तिच्या पोटातलं बीज बी तयार होते. ललिता तुमच्या पोटात उपाशी राह्यली, तवा ह्या लेकराचं बीज बी तिथीच होतं. मंग पुन्हा नऊ महिने उपास. साराच दोष त्याचा नाई, पण वाटा असते."

वच्छलाबाईंना कचकचून भांडायचं होतं. पण डोळ्यांपुढून गावातल्या साऱ्या किडमिड्या पोरी जायला लागल्या. कितीतरी आता स्वतः आया झाल्या होत्या. अरे देवा, मी हे काय करून बसली!

तिसऱ्या दिवशी ती धाप थांबली. पेटी रिकामी झाली.

घरी येताच वच्छलाबाईंनी चूल पेटवली. गरम भात, वरण, वर तूप. ताट शिगोशीग भरलं. ललिता पाटावर बसली. डोळे कोरडेच होते. सवयीनं तिनं हात घातला, अर्धा भात उचलला आणि चुलीवरच्या भाताच्या गंजात परत टाकला.

"काढू नोको, माय!" वच्छलाबाईंना हुंदका आवरेना. "खा, पोटभर खा. मी चुकली. तुले बी उपाशी ठेवलं अन् तिले बी."

ललितानं ताटाकडं पाहिलं.

"आता कायले खाऊ, आई?"

वच्छलाबाईंनी गंजातला भात पुन्हा ताटात वाढला, एक घास केला आणि लेकीच्या ओठांपाशी धरला. भात निवून गेला, तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.